दिगंबरकाकांचे तीनशे घोडे

नांदेडला शिकायला आले तेव्हा खोली शोधायला बाबा माझ्याबरोबर होते. आमचं गाव हिमायतनगरच्या पुढे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे खोली बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाबा प्रत्येक घरी "पाणी येतं का?" एवढंच विचारायचे आणि मान हलवून बाहेर पडायचे. एका घरी मात्र मालकांनीच उलट विचारलं.

"पोरीला आवाज चालतो का?"

"कशाचा?" बाबा म्हणाले.

"इंजिनचा. आन् धुराचा वास. आधीच सांगून ठेवतो, मागून भांडण नको."

ते दिगंबरकाका. अंगणात पत्र्याचं मोठं शेड होतं आणि शेडमध्ये एक कॉन्टेसा उभी होती. जुनी, चौकोनी अंगाची, लांब नाकाची गाडी. तिचं बॉनेट काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि जिथे इंजिन असायला हवं तिथे एक कोंबडी बसली होती. बाबांनी एकदा गाडीकडे, एकदा कोंबडीकडे बघितलं आणि विचारलं, "पाणी येतं का?"

"येतं," काका म्हणाले. आणि मी तिथे तीन वर्षं राहिले.

काका मूळचे उमरी तालुक्यातले. तरुणपणी ट्रॅक्टर दुरुस्तीला लागले, मग नांदेडला स्वतःचं लेथचं दुकान टाकलं. मी गेले तेव्हा दुकान मुलाकडे होतं आणि काका दिवसभर घरी, म्हणजे शेडमध्ये. अंगात कायम पांढरा, पूर्ण बाह्यांचा सदरा. इंजिन उघडायचं असलं तरी तोच. सदऱ्याला एक खोल खिसा, आणि त्या खिशात काय असेल याचा नेम नसायचा. नट, वॉशर, जळका स्पार्क प्लग, एकदा तर बेअरिंगचे छर्रे. सुमनकाकू कपडे धुताना खिसा उलटा करून सगळं दगडावर मांडायच्या आणि ओरडायच्या, "बगा, आज काय काय निघालं! दुकान मांडता येईल."

मला ते नावाने हाक मारत नसत. "ए कॉलेज, इकडं ये." मी बी.एस्सी.ला होते, विषय भौतिकशास्त्र, एवढं त्यांना पुरे होतं. एकदा त्यांनी विचारलं, एक घोडा म्हणजे किती ताकद? मी पुस्तक आणून व्याख्या वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "हा परदेशी घोडा हाय. आपला घोडा येवढं काम करत न्हाई." ते बरोबर आहेत असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पण काकांना चूक दाखवणं ही सोपी गोष्ट नव्हती, कारण त्यांच्या लेखी ते कधी चुकतच नसत.

हे जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. काकांच्या तोंडी 'चूक' हा शब्दच नव्हता. त्या जागी 'प्रयोग' होता. नवीन पाइप उलटा बसवला आणि सगळं तेल अंगणात सांडलं, तर तो प्रयोग. गॅसकेट घट्ट करताना बोल्ट तुटला, प्रयोग. काकूंनी पाठवलेल्या यादीतली हरभऱ्याची डाळ सोडून तुरीची आणली, तरी प्रयोग. "आज तुरीची करून बगू की," असं म्हणायचे. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली, पण या माणसाने एकदाही "माझं चुकलं" म्हटलं नाही, अशी काकूंची तक्रार होती. तक्रारीत थोडा अभिमानही होता असं मला उगाच वाटायचं.

गाडीचं इंजिन आलं ते मी तिथे राहायला गेल्यावर काही महिन्यांनी. हैदराबादला परदेशातून उतरवलेली जुनी इंजिनं मिळतात. तिथून सहा सिलिंडरचं जपानी इंजिन काकांनी घेतलं. ते निजामाबादकडची हळद भरलेल्या ट्रकमधून आलं. ट्रकवाला ओळखीचा होता, पण वाटेत पोती फाटली. इंजिन उतरवलं तेव्हा ते नखशिखांत पिवळं होतं. बशीरभाई म्हणाले, "उस्ताद, हळदी लगाको लाये क्या? अब शादी कब है?"

बशीरभाई काकांचे जोडीदार. डेंटिंग-पेंटिंगचं काम. त्यांच्या घरात आजोबांपासून पत्रा ठोकायचाच धंदा. त्यांना गाडीचं बाहेरचं अंग कळायचं आणि काकांना आतलं, आणि दोघांनाही समोरच्याला काही कळत नाही याची खात्री होती. बशीरभाई काकांना 'उस्ताद' म्हणायचे, पण असं म्हणायचे की त्यात आदर किती आणि टोमणा किती ते सांगता येऊ नये.

इंजिन बसवायला उरलेला पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. जुन्या गाडीत मावत नव्हतं, म्हणून इंजिनामागची लोखंडी भिंत कापून आत ढकलावी लागली. इंजिनला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, ते काकांनी मला असं सांगितलं: इंजिनातून धूर बाहेर पडताना एक पंखा फिरवतो, आणि तो पंखा उलट इंजिनात जास्त हवा कोंबतो. "म्हंजे हिचाच उच्छ्वास हिलाच ढकलतो," काका म्हणाले आणि आपल्याच वाक्यावर खूश झाले. इंजिन बदलल्याची परवानगी परिवहन कार्यालयातून रीतसर काढली. त्यात त्यांनी कुचराई केली नाही, कारण गाडी रस्त्यावर चालली पाहिजे हा त्यांचा हट्ट होता.

हा हट्ट मला आधी कळला नव्हता. नुसती सरळ पळवायची गाडी बनवणारे बरेच असतात. ते गाडी ट्रकवर चढवून शर्यतीला नेतात आणि ट्रकवरच परत आणतात. काकांना ते मान्य नव्हतं. "जी रस्त्यानं जात न्हाई ती गाडी न्हाई, ती वस्तू हाय," ते म्हणायचे. त्यांची गाडी भाजीबाजारात हळू चालली पाहिजे, उन्हात तापता कामा नये, काकूंना घेऊन पाहुण्यांकडे गेली पाहिजे, आणि मग तीच गाडी पाव मैलाच्या सरळ पट्टीवर तीनशे घोड्यांनी पळाली पाहिजे.

"तीनशे घोडे," काकू म्हणायच्या, "आन् येकालाबी माजं शेवयाचं मशीन ओढता येईना."

काकूंचं शेवयाचं मशीन अंगणात ताडपत्रीखाली होतं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका पिठाचे डबे घेऊन यायच्या, काकू शेवया काढून द्यायच्या. धंदा त्यांचा स्वतःचा, आणि चांगला चालायचा. फक्त छप्पर नव्हतं. छप्पर गाडीला होतं.

गाडी हळू चालताना तापते का, हे बघायला काकांनी जो उपाय काढला तो दुसऱ्या कुणाला सुचला नसता. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीतून एक वरात निघाली. पुढे बँड, मागे नवरदेव घोड्यावर. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "कॉलेज, बस. येवढ्या हळू न् येवढ्या वेळ चालायला परत कधी मिळायचं न्हाई." आणि गाडी वरातीच्या मागे लावली.

ती कुणाची वरात हे आम्हाला माहीत नव्हतं. वरातीतल्या लोकांना मात्र वाटलं की गाडी नवरीकडच्यांनी पाठवली. कुणीतरी बॉनेटवर हार घातला आणि गाडी घोड्याच्या पुढे, बँडच्या मागे घ्यायला लावली. थोड्या वेळाने दार उघडून नवरदेवाच्या आजीला माझ्या शेजारी बसवलं, कारण त्यांचे पाय दुखत होते. आजींनी पर्समधून बत्तासे काढून मला दिले आणि विचारलं, "तू कुणाची गं?" मी म्हटलं, "हिमायतनगरची." त्यांचं समाधान झालं.

काका समोरच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होते. काटा चढत होता. बँडवाले थांबले की गाडी थांबायची, आणि काटा आणखी चढायचा. मंगल कार्यालय समोर दिसायला लागलं आणि तेवढ्यात पुढून फस्स असा आवाज आला. रेडिएटरचं हिरवं पाणी उसळून बँडवाल्यांच्या पाठीवर गेलं. तुतारी वाजवणारा माणूस मागे वळून बघत राहिला. त्याची तुतारी अजून तोंडातच होती.

काका खाली उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "प्रयोग यशस्वी. रेडिएटर लहान हाय, कळलं."

आजींना आम्ही दोघांनी हाताला धरून कार्यालयापर्यंत पोचवलं. जेवूनच जा म्हणून त्यांनी आम्हाला सोडलं नाही. काका दोन ताटल्या जिलेबी खाऊन नव्या रेडिएटरचा विचार करत परत आले.

दुसरी एक गोष्ट लक्षात राहिली आहे. मागच्या चाकांचा वाद. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो गिअरचा गोळा असतो, डिफरन्शियल, तो वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो. पण एक चाक घसरलं की सगळी ताकद त्या घसरलेल्याच चाकाला जाते आणि दुसरं नुसतं उभं राहतं. बशीरभाईंचं म्हणणं, तो गोळा आतून वेल्ड करून टाकावा. म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरतील, घसरणं बंद.

"नक्को म्हणू नका उस्ताद. सब लोगां वहीच करते."

"सगळे करतेत, पर सगळ्यांची बायको गाडीत बसत न्हाई," काका म्हणाले. "वेल्ड केलं तर वळणावर चाक फरफटतं. गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी हिसके देते. हिची कंबर आधीच दुखती."

काकू शेवया वाळत घालत होत्या. त्यांनी वळून बघितलं नाही, पण ऐकलं असावं. मग काकांनी त्यांनाही समजावलं. काकांना समजावायला फार आवडायचं. त्यांनी काकूंना गाडीच्या मागे नेऊन उभं केलं आणि टायरवर हात मारून सांगितलं, "हिचा सगळा जीव ह्या मागच्या दोन चाकांत हाय. पुढची चाकं नुसती वाट दाखवायला. समजलं?"

"समजलं," काकू म्हणाल्या. "जीव मागं. वाट पुढं."

"शाब्बास."

बाबा एकदा मला भेटायला आले तेव्हा काकांनी त्यांना गाडीत बसवलं. बाबांनी चपला बाहेर काढून ठेवल्या. काका म्हणाले, "अवो, देवळात न्हाई चाललाव." तरी बाबा अनवाणीच बसले. गावाबाहेर बोंढारच्या मोकळ्या रस्त्यावर काकांनी एकदा पाय दाबला, आणि बाबांनी डॅशबोर्डला दोन्ही हात लावले. गाडी थांबली. मग बाबांनी विचारलं, "येवढी ताकद कशाला लागती वो दिगंबरराव?"

काका नेहमी लगेच उत्तर देत. त्या दिवशी आधी इंजिन बंद केलं. "जलमभर ताकदीला काईतरी जोडूनच बगितलं," ते म्हणाले. "नांगर जोडा, ट्रॉली जोडा, ऊस भरा. कुठलंबी इंजिन माज्याकडं आलं ते वढून-वढून थकलेलंच आलं. येकदा मागं काईबी न जोडता बगायचं हाय, कसं पळतं ते."

गावी जाऊन बाबांनी हे चार जणांना सांगितलं, असं आईने मला फोनवर सांगितलं.

पैज लागली ती माझ्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. अवकाळी पाऊस आला, ताडपत्रीतून पाणी गळलं आणि कुणाचंतरी दोन डबे पीठ भिजलं. ते पीठ काकूंनी स्वतःच्या घरचं भरून दिलं. संध्याकाळी त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला छप्पर लागतंय," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी पावसात भिजली तर पुसता येती. पीठ पुसता येत न्हाई."

काका गाडीखाली होते. सरकून बाहेर आले. लातूरला पुढच्या हिवाळ्यात अशा गाड्यांची शर्यत होणार असल्याचं बशीरभाईंनी दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. एका प्लॉटिंगवाल्याने शहराबाहेर मोठी वसाहत आखली होती. चौपदरी, सरळ डांबरी रस्ता झाला होता आणि घर मात्र एकही नव्हतं. त्याच्या मुलाला गाड्यांची हौस. परवानगी काढून त्या रस्त्यावर तो जोडीजोडीने गाड्या पळवणार होता. हरला तो बाहेर.

"लातूरला जातो," काका म्हणाले. "रस्त्यानं जातो, रस्त्यानं येतो. आन् पयल्याच फेरीत हरलो, तर दुसऱ्या दिवशी शेड तुजं. गाडी लिंबोणीखाली."

"आन् जिंकलाव तर?"

"तर शेडचं नाव काढायचं न्हाई."

काकूंनी माझ्याकडे आणि बशीरभाईंकडे बघितलं. "तुमी दोघं ऐकलंव."

"हौ भाभी," बशीरभाई म्हणाले. काकांना त्यांनी हळूच विचारलं, "अब तो वेल्ड करना न उस्ताद?"

"न्हाई," काका म्हणाले.

त्या वर्षी काकांनी जेवढं काम केलं तेवढं मी कुणाला करताना बघितलं नाही. रेडिएटर मोठा झाला. ब्रेक बदलले. मागच्या चाकांना रुंद टायर आले. बशीरभाईंनी गाडीला गडद जांभळा रंग दिला, वांग्यासारखा. आणि काकू, ज्यांचं छप्पर त्या गाडीमुळे अडलं होतं, त्या रोज दुपारी शेडमध्ये चहा आणून द्यायच्या आणि विचारायच्या, "तयारी कुठवर?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. मला हे समजायला वेळ लागला. आपली पैज आहे म्हणून समोरचा हरावा, असं त्यांच्या मनातच येत नव्हतं.

लातूरला आम्ही चौघं गेलो. पुढे काका-काकू, मागे मी आणि बशीरभाई, आमच्या पायांशी जॅक, हवा मारायचा पंप, अग्निशामक नळकांडं आणि काकूंची पिशवी. लोहा, अहमदपूर, चाकूर. अहमदपूरच्या पुढे रस्त्याकडेला थांबून धपाटे आणि दही खाल्लं. काटा जागचा हलला नव्हता. काकांनी दोनदा उतरून रेडिएटरला हात लावला आणि दोन्ही वेळा मला सांगितलं, "बग. वरात सार्थकी लागली."

तिथे पोचलो तेव्हा बाकीच्या गाड्या ट्रकवरून उतरत होत्या. आमची गाडी पाहुण्यासारखी फाटकातून आत आली. मागच्या काचेत काकूंची पिशवी दिसत होती. पोरं हसली. एक जण म्हणाला, "काका, लग्न पलीकडच्या रस्त्याला आहे." काका म्हणाले, "माहीत हाय बाबा. रेडिएटर तिथंच तपासला." त्या पोराला काही कळलं नाही.

काकांची जोडी एका पांढऱ्या डिझेल गाडीशी लागली. तिच्या छतावर सामानाचं कॅरिअर तसंच होतं. लातूरचाच एक मुलगा, वडिलांची गाडी घेऊन आलेला. बशीरभाईंनी बघून कपाळाला हात लावला. "उस्ताद, ये तो कुछ बी नै. दुसरे गिअर में जीत जाते."

काकांनी हेल्मेट घातलं. सुरुवातीच्या रेषेच्या मागे टायरवर पाणी टाकून चाकं जागच्या जागी फिरवली. असं केलं की टायर तापतात, स्वच्छ होतात आणि रस्त्याला धरतात. पांढरा धूर निघाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग गाडी हळूच पुढे येऊन रेषेवर उभी राहिली. बशीरभाई पुढे उभे राहून हाताने इंच-इंच सांगत होते.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पिशवी धर." त्यांनी पिशवीतून दोन लिंबं काढली. आमच्या अंगणातल्या लिंबोणीची. पदर सावरत त्या भराभर गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या, वाकल्या, एक लिंबू या चाकासमोर ठेवलं, पलीकडे जाऊन दुसरं त्या चाकासमोर. मनात काहीतरी म्हटलं आणि मागे आल्या. सकाळी आयोजकांनी स्वतःच रेषेवर नारळ फोडला होता, त्यामुळे कुणी हटकलं नाही. काकांना हेल्मेटमधून मागचं दिसत नव्हतं. बशीरभाई पुढे होते. नवीन गाडी निघताना चाकाखाली लिंबू ठेवतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मलाही त्यात वेगळं काही वाटलं नाही.

"मागं कामून ठेवली?" मी सहज विचारलं.

"जीव मागं हाय न्हवं," काकू म्हणाल्या.

रेषेजवळच्या खांबावर पिवळे दिवे लागले. मग हिरवा.

पांढरी गाडी निघाली. आमची जागेवरच राहिली. म्हणजे इंजिन ओरडलं, मागचं एक चाक वेड्यासारखं फिरायला लागलं, धुराचा लोट उठला आणि गाडी मागून तिरकी होत गेली. एक चाक घसरलं होतं आणि सगळी ताकद त्याच चाकाला जात होती. दुसरं नुसतं उभं होतं. काकांनी पाय उचलला, गाडी सरळ केली, पुन्हा दाबला. या वेळी ती निघाली. आणि कशी निघाली! अर्ध्या पट्टीपर्यंत ती पांढऱ्या गाडीच्या मागे होती आणि शेवटी अगदी जवळ. रेषा आणखी थोडी पुढे असती तर मागे टाकलं असतं, असं तिथले सगळेच म्हणाले. पण रेषा जिथे होती तिथेच होती. कॅरिअरवाला मुलगा जिंकला. त्याचा त्याला विश्वास बसत नव्हता.

काका गाडी वळवून हळू परत आले. हेल्मेट काढलं. चालत सुरुवातीच्या रेषेकडे गेले, जिथे गाडी उभी होती तिथे. मी पिशवी घेऊन जवळच होते. डांबरावर टायरची काळी खूण होती आणि तिच्या तोंडाशी एक चेपलेलं लिंबू. काकांनी ते उचललं. बोटांचा वास घेतला. मग गाडीच्या मागे येऊन टायरवर बोट फिरवून पुन्हा वास घेतला. बशीरभाई धावत आले, त्यांनी काकांच्या हातातलं बघितलं.

"उस्ताद, ये तो..."

"चूप," काका म्हणाले, आणि ते लिंबू सदऱ्याच्या खिशात टाकलं.

काकू येत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पैज जिंकलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. "काय झालं वो?" त्यांनी विचारलं. "चाक कामून फिरलं?"

मी काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. प्रयोग, असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते.

"चूक झाली," काका म्हणाले. "माजी. क्लच लवकर सोडला."

काकू थांबल्या. "प्रयोग न्हाई?"

"न्हाई. चूक."

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय का? बशीरभाई, पाणी आना. ह्यांना ऊन लागलंय."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. चाकूर ते अहमदपूर बशीरभाई मला कोपराने ढोसत होते आणि मी बाहेर बघत होते. काकूंनी काकांना दोनदा विचारलं, जेवण ठीक गेलं का. गाडी मात्र काटा न हलवता घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी स्वतः गाडी ढकलून लिंबोणीखाली लावली, ताडपत्री घातली आणि शेड झाडून काढलं. दुपारपर्यंत शेवयाचं मशीन आत होतं. संध्याकाळपर्यंत काकांना त्या मशीनची मोटर लहान वाटायला लागली. दोन दिवसांनी त्यांनी मोठी बसवली. शेवया इतक्या जोरात बाहेर आल्या की तारांऐवजी सगळा भुगा पडला.

"प्रयोग," काका म्हणाले. मला फार बरं वाटलं.

शेवटची परीक्षा झाली आणि मला लातूरला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. बाबांना हंगामामुळे येता येत नव्हतं. काका म्हणाले, मी सोडतो. माझी ट्रंक डिकीत गेली, गादीची वळकटी मागच्या सीटवर. काकू पुढे बसणार होत्या, पण बसायच्या आधी त्या लिंबोणीकडे गेल्या, दोन लिंबं तोडली आणि मागच्या चाकाकडे वळल्या.

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तिकडं नगं. पुढं ठेव."

"कामून? जीव मागं म्हणत व्हताव."

"जीव मागंच हाय. पर नजर समोरून लागती."

काकूंनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि पुढे आल्या. मी त्यांच्या शेजारी उभी होते. वाकून लिंबू ठेवताना त्या माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "सदरा मीच धुते की. खिशातून लिंबू निघालं व्हतं. डांबर लागलेलं."

मी विचारलं, "आणि शेड, काकू?"

"शेडाचं काय? लिंबू माजं असलं तरी पैज त्यांचीच व्हती," त्या म्हणाल्या आणि पदराला हात पुसून गाडीत बसल्या.

लातूरला वसतिगृहाच्या फाटकाशी काकांनी ट्रंक उतरवली, आत पाणी येतं का ते विचारलं, आणि निघाले. मी फाटकातच उभी राहिले. थोड्या अंतरावर चौकात सिग्नल लाल होता. जांभळी गाडी सगळ्यांच्या पुढे थांबली. एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला एक पांढरी गाडी. तिच्या छतावर कॅरिअर होतं की नव्हतं ते एवढ्या लांबून मला दिसलं नाही. डावीकडच्या खिडकीत काकूंचं कोपर होतं. मग कोपर आत गेलं. त्यांनी काहीतरी घट्ट धरलं असावं.

दिवा हिरवा झाला. चाक फिरलं नाही, धूर निघाला नाही. मागे काही जोडलेलं नव्हतं, ट्रंकही उतरली होती. गाडी सरळ निघाली आणि बाकीचे अजून गिअर टाकत होते तेव्हा चौकाच्या पलीकडे होती.